कापलेल्या कडव्याच्या जागी

"ताई, तुम्ही जरा मागं सरा. पूजेला जोडपं लागतं."

साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी मी उभी होते. गव्हाण म्हणजे ऊस जिथं पडतो आणि साखळ्यांवरून आत ओढला जातो, ती खोल जागा. हंगामाची पहिली मोळी तिच्यात टाकायची, नारळ फोडायचा, मग कारखाना सुरू. त्या पहिल्या मोळीसाठी मला गाडी पाठवून बोलावलं होतं. पत्रिकेवर माझं नाव नव्हतं. 'लोकप्रिय दिवंगत रॅपरच्या मातोश्री' एवढंच छापलं होतं. मोळी माझ्या हातात दिलीसुद्धा होती. पुसून चकचकीत केलेल्या उसांची, लाल फीत बांधलेली. मी जन्मभर उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्याच्या पाल्याचा, बंध वळून मोळ्या बांधल्या. फीत पहिल्यांदा पाहिली.

पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी माझ्या कपाळाकडं पाहिलं. व्यवस्थापकांच्या कानाला लागले. व्यवस्थापक माझ्याकडं आले आणि ते वाक्य बोलले. आवाज अगदी मऊ. मोळी माझ्या हातातून घेताना माझ्या बोटाला बोट लागणार नाही, याची त्यांनी काळजी घेतली.

"वहिनी, तुम्ही या पुढं," ते एका संचालकाच्या बायकोला म्हणाले. "साहेबांना पण घ्या सोबत."

पैठणी पुढं आली. मी मागं सरले. मागं ऊसतोड टोळ्यांच्या बायका उभ्या होत्या. गर्दी दिसावी म्हणून त्यांना ट्रॅक्टरमधून आणलं होतं. त्यांनी सरकून मला जागा केली. त्यांना सांगावं लागत नाही.

आणि तेवढ्यात कर्णे सुरू झाले. माझ्या मेलेल्या लेकाचा आवाज आला.

आता नीट सांगते. मी कामाची बाई आहे. सकाळी उठले की दिवसाची कामं कागदावर लिहून काढते आणि झालं की रेघ मारते. पाथर्डीच्या बाजूला, डोंगराच्या कोरड्या अंगाला आमचं गाव. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मागं राहिलेल्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. ते मी सांभाळते. कुणाला ताप, कुणाची वही संपली, कुणाच्या आईबापाचा फोन आला नाही, सगळं मला माहीत असतं. आता पोरं मला मावशी म्हणतात. त्याआधी मीही उसाच्या फडातच होते.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत. कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम टोळी जमवतो तेव्हा विचारतो, तुमच्या घरचे कोयते किती? माझा नवरा काविळीनं गेला. दहावा झाला आणि मुकादम दारात आला. मला वाटलं, सांत्वनाला आला असेल. चहा ठेवला.

चहा पिऊन तो म्हणाला, "वहिनी, वाईट झालं. पन आता तुमचा कोयता अर्धा झाला. अर्ध्याला उचल न्हाई देता येत. टोळीत अर्धा कोयता घेऊन मी काय करू?"

उचल म्हणजे हंगामाआधी हातात मिळणारी रक्कम. तिच्यावरच घर चालायचं. माझा लेक दारात उभा राहून ऐकत होता. सातवीला होता. मुकादमानं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. बाजारात गोऱ्हा बघतात तसं.

"ह्यो येतो का? मग पुरा धरू."

त्या वर्षी माझा लेक फडात आला. माझ्या नवऱ्याच्या जागी. दप्तर खुंटीला अडकवलं ते हंगाम संपेपर्यंत तिथंच होतं. याची मला लाज वाटत नाही. ज्यानं विचारलं, त्याला वाटावी.

पुढं मला वसतिगृहाचं काम मिळालं आणि त्याला मी शाळेत परत बसवलं. नंतर तो संगमनेरला कॉलेजात गेला. तिथं त्याला रॅपचा नाद लागला. मला आधी कळेना. गाणं म्हणावं तर चाल नाही, भाषण म्हणावं तर ताल. मी म्हणाले, "हे काय भांडल्यासारखं म्हणतोस?"

"भांडतोयच की, आये."

नाव घेतलं होतं एमसी पाचट. मी कपाळाला हात लावला. "अरे, नाव तरी बरं घे. पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर टाकून देतात तो पाला."

"म्हनूनच. आन् लवकर पेटतं."

त्याचा एक मित्र होता, इरफान. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची एक खोली. तिथं दोघं रेकॉर्डिंग करायचे. आवाज भिंतींवर आपटून घुमतो म्हणून त्यांना जाड कापड हवं होतं. लेकानं माझ्या दोन गोधड्या मागून नेल्या. माझ्या जुन्या लुगड्यांच्या. फडात नेसलेल्या. त्या भिंतीला टांगल्या होत्या. त्याचं एकच गाणं पुरं झालं, ते त्या गोधड्यांसमोर उभं राहून म्हटलेलं आहे. त्याच्या आवाजामागं जराही घुमणं नाही, असं लोक कौतुकानं लिहितात. त्याच्यामागं माझी लुगडी आहेत.

गाण्याचं नाव 'अर्धा कोयता'.

एका सुट्टीत आला तेव्हा वसतिगृहाच्या चुलीपाशी बसून त्यानं मला ते म्हणून दाखवलं. मी भाकरी थापत होते. पहिलं कडवं टोळीचं, फडाचं, पहाटेच्या थंडीचं. धृपद ऐकून उड्या माराव्यात असं. 'घाव घाल, घाव घाल, मोळी बांध, मोळी बांध.' वसतिगृहातल्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मग दुसरं कडवं आलं.

बाप गेला, मुकादम दारात आला,
म्हनला, बाई, तुजा कोयता अर्धा झाला.
अर्ध्याला उचल न्हाई, अर्ध्याला गाडी न्हाई,
अर्ध्याच्या चुलीला पेटायला काडी न्हाई.
मायनं मला धरलं, उभं केलं शेजारी,
दप्तर खुंटीला, आन् मी फडाच्या दारी.
दोन अर्धे मिळून एक झालो, साहेब,
सांगा, त्यातला मानूस कुठं झाला गायब?

माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली. मला राग आला होता.

"हे चारचौघांत म्हणणार? मी अर्धी म्हणून?"

तो हसला नाही. म्हणाला, "आये, तू न्हाई अर्धी. त्यांचा हिशेब अर्धा हाय. तेच सांगतोय."

मी चुलीतली भाकरी काढली आणि म्हणाले, "म्हण. पण आवाज खाली पाडू नको."

त्या कडव्याला मी माझं कडवं म्हणते. मुलींनी ते त्याच सुट्टीत त्याच्याकडून पाठ करून घेतलं. मला कुणी दागिना केला नाही, कुणी माझ्या नावानं जमीन केली नाही. एवढं एक झालं होतं.

रेकॉर्डिंग पूर्ण करून तो संगमनेरहून मोटारसायकलवर घरी निघाला होता. दिवेलागणीला रस्त्यात उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. टायर फुटलेलं. मागं दिवा नाही, चमकणारा लाल कागद नाही, साधी फांदीसुद्धा तोडून लावलेली नाही. उसाचा रंग आणि संध्याकाळचा रंग एकच असतो. ट्रॉली ह्याच कारखान्याला चालली होती.

पोलीस म्हणाले, पोरगा जोरात होता.

त्या दिवशी मी कामं लिहून काढली. शवविच्छेदनाचा कागद. लाकडं. पाहुण्यांचा चहा. त्याच्या कॉलेजला कळवणं. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणाला बदली बाई. सगळ्यांवर रेघ मारली. रडणं लिहायचं राहिलं. ते अजून राहिलंय.

महिन्याभरानं कारखान्याच्या अध्यक्षांचा मुलगा घरी आला. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणाले. जमिनीवर बसला. चांगलं बोलला. म्हणाला, गाणं इरफानकडून ऐकलं, आमच्या चॅनलवरून काढू, व्हिडिओ करू, पोराचं नाव राज्यभर जाईल. मी त्यांच्या कागदावर सही केली. दादांच्या माणसांनी गाणं नेलं.

आणि नाव गेलं. खरंच गेलं. सोनईच्या लग्नात डीजेवर वाजलं. कर्जतच्या शाळेच्या गॅदरिंगला मुलं चकचकीत लुंग्या नेसून त्यावर नाचली. मोबाईल उघडावा तर माझा लेक. त्याच्या फोटोभोवती पांढरी फुलं आणि फुलांच्या वर दादांचा फोटो, हात जोडलेला. खाली लोकांनी लिहिलेलं. भावा, अमर झालास. बीट कडक. एकानं लिहिलं होतं, 'हा खरंच ऊसतोडवाला होता का? वाटत नाही.' त्याला हजारो लोकांनी लाईकचा अंगठा दिला होता. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. काय वाटायला हवं होतं त्यांना? आम्ही कसं वाटायचं असतं?

गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं ते मुलींच्या घोळक्यात. मोबाईल मध्ये ठेवला होता. पहिलं कडवं झालं. धृपद झालं. मग हलगी. नुसती हलगी. मग पुन्हा धृपद. संपलं.

मुली माझ्याकडं बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "मावशी, तुमचं कडवं कुठंय?"

मी दादांना फोन लावला.

"दादा, दुसरं कडवं कुठं गेलं?"

"ताई, ते जरा जड होतं. लोकांना नाचायचं असतं. तिथं आपण हलगी ठेवली. लई भारी चालली ती हलगी."

"ते माझं कडवं होतं."

"ताई, अख्खं गाणंच तुमचं हाय." हसले. "असं करू. मोळीच्या दिवशी तुम्ही या. पहिली मोळी तुमच्या हातानं. आन् तिथं अख्खं गाणं वाजवू, कडव्यासकट. शब्द देतो."

इरफानला विचारलं. तो फोनवर रडायला लागला. "काकू, मी पुरी फाईल दिली होती. अल्लाकसम." त्याच्याकडं पूर्ण गाणं होतं. त्यानं ते स्वतः नेटवर टाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं गेलं. गाण्याचे हक्क चॅनलकडं आहेत, असं उत्तर आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा उडालं. माझ्या लेकाचे शब्द माझ्या लेकाच्या आवाजात लोकांना ऐकवणं हा आता गुन्हा होता.

त्याच आठवड्यात मुकादमाला फोन करायचा होता. त्याच्या टोळीतल्या दोन मुली वसतिगृहात राहणार होत्या, त्यांचं विचारायला. फोन लावला. रिंगच्या जागी माझा लेक बोलायला लागला. 'घाव घाल, घाव घाल.' मुकादमानं कॉलर ट्यून ठेवली होती. मी फोन कानाला धरून उभी. त्यानं उचलला आणि म्हणाला, "बोला वहिनी. आपल्या पोरानं नाव काढलं की नाही?"

आपल्या.

मी मुलींचं विचारलं, उत्तर लिहून घेतलं आणि फोन ठेवला. मग भिंतीला टेकून खाली बसले. माणूस दोनदा मरतो असं लोक म्हणायचे तेव्हा मला ते बोलणं नाटकी वाटायचं. नाटकी नसतं ते. माझा लेक एकदा मेला. दुसऱ्यांदा त्याला नाचवला.

मुली मात्र ते गाणं लावतच राहिल्या. मी मना केलं नाही. एकदा मी तांदूळ निवडत होते. हलगी सुरू झाली आणि एक मुलगी सवयीनं कडवं म्हणायला लागली. 'बाप गेला, मुकादम दारात आला.' ती म्हणत गेली. शेवटची ओळ संपली आणि त्याच क्षणी धृपद सुरू झालं. एक ठोका इकडं नाही, एक ठोका तिकडं नाही.

मी सूप खाली ठेवलं. "पुन्हा लाव."

पुन्हा तसंच. ज्यानं कात्री चालवली, त्यानं शब्द काढले, पण जागा तशीच ठेवली. हलगी तेवढीच लांब होती, जेवढं माझं कडवं. कुणीही त्या जागेत उभं राहू शकत होतं.

तरी मी दादांच्या शब्दावर विसंबून मोळीला गेले. वाटलं, एकदा त्याच्या आवाजात सगळ्यांसमोर होऊ दे. अध्यक्ष ऐकतील, मुकादम ऐकेल, फडात जाणाऱ्या बायका ऐकतील. मग मी काही मागणार नाही. गाडीत बसून मी हेच म्हणत होते. काही मागणार नाही.

पुढचं सुरुवातीला सांगितलं. मोळी काढून घेतली. मागं सरले. कर्णे सुरू झाले.

पहिलं कडवं झालं. पैठणीवाल्या बाईंनी आणि त्यांच्या साहेबांनी मोळीला हळदकुंकू लावलं. धृपद झालं. दादा व्यासपीठावर मान डोलावत होते. मी श्वास धरून उभी राहिले. आता येईल. आता येईल.

हलगी आली.

नुसती हलगी.

मी दादांकडं पाहिलं. ते मोबाईलवर स्वतःचं चित्रण करत होते. मला वाटतं, ते विसरले होते. मुद्दाम केलं असतं तर मला कमी लागलं असतं.

माझं तोंड उघडलं. मी ठरवलं नव्हतं. 'बाप गेला, मुकादम दारात आला.' आवाज फाटका आला. कर्ण्यांपुढं माझा आवाज म्हणजे काय? पण मी थांबले नाही. 'म्हनला, बाई, तुजा कोयता अर्धा झाला.' शेजारच्या बाईनं मान वळवली. तिच्या पलीकडच्या बाईनं. मुकादम चार हातांवर उभा होता, हातात नारळाची पिशवी. त्यानं ऐकलं. त्याचं तोंड मला दिसलं. 'अर्ध्याच्या चुलीला पेटायला काडी न्हाई.' शेजारच्या बाईनं पदर तोंडात धरला. ती पण एकटीच आली होती, दिराच्या पोराला जोडीला घेऊन. मला नंतर कळलं. 'सांगा, त्यातला मानूस कुठं झाला गायब?'

धृपद सुरू झालं. मोळी गव्हाणीत पडली. टाळ्या.

मुकादम व्यवस्थापकांना म्हणत होता, "लेक गेल्यापासनं डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या."

मला खुर्ची आणली. पाण्याची बाटली आणली. एक जण वही घेऊन वारा घालायला लागला. मी वेडी नव्हते. मी आयुष्यात इतकी शहाणी कधी नव्हते. पण ते सगळे माझ्याकडं अशा दयेनं बघत होते की क्षणभर मलाच शंका आली. हे त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. तुम्ही खरं बोलला की ते तुम्हाला पाणी देतात.

व्यवस्थापक शाल घेऊन आले. "चला ताई. पूजा झाली. आता तुमचा सत्कार राहिलाय."

मी विचारलं, "सत्काराला जोडपं लागत नाही का?"

दादा माइकवरून माझं कौतुक करत होते, वीरमाता म्हणत होते. मी उठले. शाल त्यांच्याच हातात राहिली. व्यासपीठासमोरून, सगळ्यांच्या देखत, फाटकाकडं चालत गेले. कुणी अडवलं नाही. त्यांच्या गाडीत बसले नाही. रस्त्यावर येऊन एसटीला हात केला.

एसटीत पुढच्या बाकावर एका पोराच्या मोबाईलवर तेच गाणं लागलं होतं.

घरी आल्यावर मी रडले नाही. माझ्या फोनमध्ये इरफाननं पाठवलेलं पूर्ण गाणं आहे. ते मला अजून ऐकता येत नाही. त्याचा आवाज 'मायनं' म्हणतो तिथं माझा हात आपोआप गाणं बंद करतो. खरं सांगते, मला आशा वगैरे काही नाही. गाणं त्यांचं, कर्णे त्यांचे, कारखाना त्यांचा. माझा आवाज शेजारच्या बाईपर्यंत जातो, बस.

पण शेजारी बाई असते. हे मी त्या दिवशी पाहिलं.

म्हणून ठरवलंय. सही करून गेलेलं गाणं मला परत मिळणार नाही, ते मागायलाही मी जाणार नाही. त्यांच्या कुठल्याही व्यासपीठावर पाय ठेवणार नाही. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला ते कडवं पाठ आहे. ती गावोगाव जातील. दर रविवारी मी एसटीनं टोळ्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, जाते. जिथं कुणी एकटी बाई भाच्याला, दिराला, स्वतःच्या लेकराला जोडीला घेऊन कोयता पुरा करून आली असेल, तिथं बसते. कडवं म्हणते. तिला म्हणायला लावते. पहिल्यांदा ती लाजते. मग तिचा आवाज चढतो. आणि पुढच्या दसऱ्याला मुकादम कुणाच्याही दारात 'अर्धा' हा शब्द घेऊन आला, तर त्या दारात ती एकटी नसेल. मी तिथं आधीच बसलेली असेन. चहा ठेवणार नाही.

लग्नात लावा. वाढदिवसाला लावा. मोळीला लावा, मतं मागताना लावा. मी गाणं बंद पाडायला येणार नाही. मी हलगीची वाट बघत उभी राहीन. जागा तुम्हीच मोकळी ठेवली आहे.